राग धरायला वेळ कुणाला?

पांढरकवड्याला भरलेल्या युवक-युवतींच्या दोन दिवसांच्या अभ्यासवर्गात एका मुलीने विचारलेला प्रश्न आमच्या मनातून अजून गेलेला नाही. रात्रीची जेवणे आटोपली होती आणि गप्पा एका अमेरिकन मालिकेवर आल्या होत्या. शहरातून आलेली एक उत्साही कार्यकर्ती सांगत होती की, आपल्यासारख्या रंगाची, आपल्यासारख्या घरातली मुलगी अमेरिकेच्या पडद्यावर नायिका म्हणून वावरते ही साधी गोष्ट नव्हे. हा प्रतिनिधित्वाचा विजय आहे. एका ज्येष्ठ साथींनी तिला तेथेच अडविले. हा सारा चंगळवाद आहे, पोटभरल्यांची करमणूक आहे, अभ्यासवर्गात त्याची चर्चा नको, असे त्यांचे म्हणणे. दोघांचा वाद रंगात आला असता पाटणबोरीच्या पलीकडल्या एका पोडावरून आलेली, वसतिगृहात राहून अकरावीत शिकणारी एक मुलगी हळूच म्हणाली, “मी पाह्यलं ते मोबाइलवर थोडं थोडं. पण त्या पोरीले इतका राग धराले टाइम कुठून भेटते जी?”

या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री कोणी दिले नाही. दोघे हसले, कोणीतरी विषय बदलला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ठरल्याप्रमाणे सहकाराच्या इतिहासाकडे वळलो. ही नोंद म्हणजे ते राहून गेलेले उत्तर देण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

ज्या वाचकांनी ती मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. ‘नेव्हर हॅव आय एव्हर’ ही मिंडी केलिंग आणि लँग फिशर यांनी निर्माण केलेली मालिका एप्रिल २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर सुरू झाली आणि जून २०२३ मध्ये चौथ्या पर्वाबरोबर संपली. तिचे नाव तिकडच्या तरुण मुलांच्या एका खेळावरून घेतले आहे. ‘मी अमुक गोष्ट आजवर कधीच केलेली नाही,’ असे प्रत्येकाने कबूल करायचे, असा तो खेळ. नायिका देवी विश्वकुमार ही लॉस एंजलिसच्या शेर्मन ओक्स भागात राहणारी तमिळ कुटुंबातली शाळकरी मुलगी. आई त्वचारोगतज्ज्ञ. चुलत बहीण नामांकित संस्थेत शास्त्रविषयात संशोधन करते. वडील शाळेतल्या संगीताच्या कार्यक्रमात, मुलगी वाद्य वाजवीत असताना, हृदयविकाराने जातात. त्या धक्क्याने काही महिने मुलीचे पाय चालेनासे होतात. त्यानंतरचे तिचे शोक करणे, संतापणे, खोटे बोलणे, आईशी भांडणे, मुलांच्या मागे लागणे आणि अखेर प्रिन्स्टन विद्यापीठात पोहोचणे, अशी ती कथा आहे.

मालिका वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. उलट तिचा एक गुण मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि सिनेमांत वडिलांवाचून पोरकी झालेली मुलगी बहुधा शहाणी, सोशिक आणि अकाली प्रौढ असते. तिने रडावे, पण ओरडू नये अशी अपेक्षा असते. देवी ओरडते. ती चुकते, पुन्हा चुकते, मैत्रिणींना दुखावते, आणि तरीही लेखक तिला कुलटा ठरवीत नाहीत की देवता करीत नाहीत. मुलीला चुकण्याचा हक्क आहे हे इतक्या सहजपणे सांगणारी कलाकृती प्रतिगामी म्हणता येणार नाही. ज्येष्ठ साथींचा चंगळवादाचा शिक्का म्हणूनच आम्हाला मान्य नाही. जी गोष्ट आपण पाहिलेली नाही तिच्यावर निकाल देण्याची सवय पुरोगामी चळवळीलाही शोभत नाही.

पण शहरी कार्यकर्तीचा विजयोत्सवही आम्हाला मान्य नाही, आणि तो अधिक घातक आहे असे आमचे मत आहे. पडद्यावर एक सावळी मुलगी आली म्हणजे सावळ्या मुलींना न्याय मिळाला, हा युक्तिवाद गेल्या काही वर्षांत आपल्याही वर्तुळात रुजू लागला आहे. हक्काची भाषा मागे पडून ‘दिसण्याची’ भाषा पुढे येत आहे. कोण दिसते, हा प्रश्न क्षुद्र नाही. परंतु जे दिसते ते कुणाच्या बळावर उभे आहे आणि ते दिसताना काय झाकले जाते, हे विचारल्याशिवाय समाजवादी माणसाचा विचार पुरा होत नाही.

प्रथम हे पाहू की अमेरिकेत जाऊन वाढण्याची संधी कुणाला मिळाली. कॅलिफोर्नियात वसलेले पहिले भारतीय डॉक्टर नव्हते, शेतकरी होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इम्पीरियल व्हॅलीत पंजाबी शेतकऱ्यांनी जी पिके काढली त्यांत कापूसही होता, हे कापसाच्या मुलखात बसून वाचताना विशेष वाटते. पण १९१३ च्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र परकीयांना त्या राज्यात जमीन धारण करण्यास बंदी झाली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही, असा निकाल दिला. पुष्कळांनी मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले आणि त्यांची मुले दोन भाषांत वाढली. नागरिकत्वाचा दरवाजा १९४६ च्या कायद्याने किलकिला झाला आणि त्याच इम्पीरियल व्हॅलीतले शेतकरी दलिपसिंग सौंद १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. जयप्रकाश नारायण १९२२ साली शिकायला गेले तेही कॅलिफोर्नियातच. तेथे त्यांनी फळबागांत मजुरी केली, पुढे कारखान्यांत राबले, खानावळीत ताटेही विसळली, आणि विस्कॉन्सिनला असताना मार्क्सवाद जवळ केला. अमेरिकेत ‘वाढलेल्या’ भारतीयांची ही पहिली पिढी श्रमिकांची होती. तिच्यावर चार पर्वांची मालिका कोणाला सुचली नाही.

पुढची पिढी वेगळी आहे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने राष्ट्रवार कोटा रद्द केला आणि कौशल्य असलेल्यांना प्राधान्य दिले. येथून डॉक्टर आणि अभियंते निघाले. ते कोठे घडले होते? सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि केंद्राने उभारलेल्या तंत्रज्ञान संस्थांत. त्यांच्या शिक्षणाचा खर्च ज्या तिजोरीने सोसला तिच्यात आगपेटीपासून घासलेटापर्यंतच्या वस्तूंवरील करांतून केळापूरच्या शेतमजुरानेही भर घातली होती. त्या संस्थांच्या दारापर्यंत पोहोचण्याची शिडी कोणत्या जातींच्या हाती होती हेही जगजाहीर आहे. मालिकेतले आईवडील २००१ साली अमेरिकेत उतरतात. त्या सप्टेंबरनंतर तेथे तपकिरी माणसाला किती सोसावे लागले, याचा मालिका उपरोधाने उल्लेख करते. तो योग्यच आहे. पण त्यांना विमानात बसविणारी शिडी मालिकेला दिसत नाही. ज्याला वंशभेद सोसावा लागतो तोच घरी जातीचा लाभधारक असू शकतो, हे गुंतागुंतीचे सत्य ‘दक्षिण आशियाई’ या एका गुळगुळीत शब्दाखाली गाडले जाते.

हे केवळ तर्काने म्हणण्याचे कारण नाही. मालिका सुरू झाली त्याच वर्षी, जून २०२० मध्ये, त्याच कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को या संगणक कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. एका दलित अभियंत्याला सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावलले, असा त्यातला आरोप होता. दोघा अधिकाऱ्यांविरुद्धचा दावा राज्याने २०२३ मध्ये मागे घेतला. कंपनीविरुद्धचा चालू ठेवला. मालिका संपली त्या वर्षी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सिअ‍ॅटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसे विधेयक संमत केले. परंतु भारतीय वंशाच्या संघटनांचा एक गट त्याविरुद्ध उभा ठाकला, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी प्रचलित कायदे पुरेसे आहेत असे सांगून त्यावर नकाराधिकार वापरला. म्हणजे मालिकेच्या आरंभापासून अखेरपर्यंतचा काळ हाच अमेरिकेत जातीवरील उघड संघर्षाचा काळ होता, तोही नायिकेच्या स्वतःच्या राज्यात. मालिकेत गणेशपूजेला वाहिलेला एक संपूर्ण भाग आहे. तेथे मुसलमानाशी लग्न केले म्हणून समाजाने दूर लोटलेली एक बाईही भेटते. धर्माची भिंत लेखकांना दिसली. जातीची भिंत तेवढी दिसली नाही. मराठी माणसाने या गोष्टीने सुखावून जाऊ नये. उत्तर अमेरिकेतली आपली महाराष्ट्र मंडळे गणपती आणि नाटके मोठ्या हौसेने करतात. त्या हौसेत महाराष्ट्राची सामाजिक सुधारणेची परंपरा किती आणि मागे सोडून आल्याचे दाखविलेली सोवळी किती, याचा हिशेब त्यांनीच करावा.

आणि अमेरिकेतला प्रत्येक दक्षिण आशियाई डॉक्टरचा मुलगा नाही. न्यूयॉर्कच्या टॅक्सी चालविणाऱ्यांत पंजाबी, बांगलादेशी आणि पाकिस्तानी कामगारांचा भरणा मोठा आहे. टॅक्सीच्या परवान्यासाठी काढलेल्या कर्जात हे चालक बुडाले आणि २०१८ साली त्या शहरात एकामागून एक टॅक्सीचालकांनी आत्महत्या केल्या. यवतमाळच्या वाचकाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांच्या संघटनेने २०२१ च्या हेमंतात दोन आठवडे उपोषण करून शहराला कर्जाची हमी घ्यावयास लावली. त्या उपोषणाला जो तरुण आमदार त्यांच्याबरोबर बसला तो जोहरान ममदानी, चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचा मुलगा, सातव्या वर्षापासून न्यूयॉर्कमध्ये वाढलेला. स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवून तो नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या शहराच्या महापौरपदी निवडून आला. सुखवस्तू घरातला मुलगाही अमेरिकेत वाढताना आपले नाते प्रिन्स्टनशी नव्हे तर टॅक्सीचालकांशी जोडू शकतो, हा याचा बोध आहे. दिसण्याचे राजकारण आणि बाजू घेण्याचे राजकारण यांत फरक आहे तो हा.

आता केळापूरकडे येऊ. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचा हा तालुका. नाव केळापूरचे, कचेरी पांढरकवड्याला. केळापूरला जगदंबेचे ठाणे आहे, शेजारी टिपेश्वरचे अभयारण्य आहे, कोलाम आणि गोंडांची वस्ती आहे, आणि चहूकडे कापूस आहे. या तालुक्यातून अमेरिकेला जाऊन वसलेल्या कुटुंबांची यादी कोणी केली तर ती फार लांबणार नाही. म्हणून कोणी म्हणेल की अमेरिकेतल्या मालिकेशी केळापूरचा संबंध काय? संबंध आहे. फक्त तो माणसांच्या जाण्याने नव्हे, कापसाच्या भावाने जुळलेला आहे.

अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना जे अनुदान देत आली, त्याने जगातले भाव दबले. ब्राझीलने २००२ मध्ये याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. निकाल अमेरिकेविरुद्ध गेला. आणि अखेर २०१४ मध्ये ब्राझीलला तीस कोटी डॉलर देऊन अमेरिकेने ते प्रकरण मिटविले. तीस कोटी ब्राझीलला मिळाले. केळापूरला काय मिळाले? त्याच २००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाण्यातले जनुकही अमेरिकन कंपनीचे. पुढे त्याच बियाण्यावर गुलाबी बोंडअळी चढली. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के जकात बसविली त्याच महिन्यात, भारत सरकारने परदेशी कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क उठविले. सवलत आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, ती डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. म्हणजे नेमकी आपल्या शेतकऱ्याचा कापूस घरात येण्याच्या महिन्यांत. मध्यम धाग्याच्या कापसाला ७७१० रुपये हमीभाव जाहीर करायचा आणि त्याच वेळी बाजाराचे दार बाहेरच्या गाठींना उघडे टाकायचे, याला कोणते धोरण म्हणावे? शेर्मन ओक्सच्या मुलीचे दप्तर आणि केळापूरच्या मुलीचा वेचणीचा ओटा यांच्यामध्ये हे सारे व्यवहार उभे आहेत.

त्या अकरावीतल्या मुलीने मालिकेतली जी गोष्ट ओळखली ती शहरी कार्यकर्तीच्या ध्यानात आली नव्हती. ती गोष्ट म्हणजे बापाचा मृत्यू. देवीचा बाप जातो आणि केळापुरातल्या किती मुलींचा बाप गेला आहे? यवतमाळ जिल्ह्यात २००१ पासून सरकारदप्तरी नोंदलेल्या शेतकरी आत्महत्या पाच हजारांहून अधिक आहेत. १९८६ च्या मार्चमध्ये चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी-मुलांसह जीवनयात्रा संपविली तेही याच जिल्ह्यातले. पुढे पंतप्रधानांचे दौरे झाले, २००६ मध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींची योजना जाहीर झाली, २०१४ च्या निवडणुकीआधी आर्णी तालुक्यातल्या दाभडीला चहावर चर्चा झाली. मुली वाढतच राहिल्या.

बाप गेल्यावर देवीला काय मिळते? स्वतःची खोली मिळते, दार आपटण्याची सोय मिळते. आठवड्याला एक समुपदेशक बाई मिळतात. त्यांच्यापुढे ती खोटे बोलते, रडते, रागावते, आणि त्या ऐकून घेतात. शोकाने पाय लुळे पडले तर तीन महिने चाकांच्या खुर्चीवर बसण्याची मुभा मिळते. शाळा तिची वाट पाहते.

केळापूरच्या मुलीच्या दारी बाप गेल्यावर प्रथम पंचनामा येतो. मग बाप ‘पात्र’ होता की ‘अपात्र’ याचा निर्णय येतो. सातबारा कुणाच्या नावे होता, कर्ज अधिकृत होते की सावकाराचे, थकीत होते की नव्हते, हे तपासून समिती ठरवते की त्याचे मरण शेतकऱ्याचे मरण होते की नाही. हजारो मृत्यू या चाळणीतून अपात्र म्हणून गळून पडले. जो पात्र ठरला त्याच्या कुटुंबाला २००६ पासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे एक लाख रुपये. त्यांपैकी तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. बापाच्या नावावर जमीन नसली, तो कोलामाच्या पोडावरचा मजूर असला, तर पहिल्याच पायरीवर वाट संपते. वेचणी सुरू होते तेव्हा आई शेतात जाते आणि मुलगी घरी धाकट्यांना सांभाळते, नाही तर आईच्या शेजारच्या तासात उभी राहते. वर्गातली बाके दिवाळीनंतर रिकामी का होतात हे येथल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. तिला लुळे पडायला तीन महिने नाहीत. तिला तीन दिवसही नाहीत.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. राग धरायला वेळ लागतो, आणि वेळ ही मालमत्ता आहे. ज्याला आपण किशोरावस्था म्हणतो, ती वयाने आपोआप येणारी गोष्ट नाही. बालपण संपल्यावर आणि श्रम सुरू होण्याआधी समाजाने माणसाला मोकळी सोडलेली ती काही वर्षे असतात. त्या वर्षांत माणूस चुकतो, भांडतो, प्रेमात पडतो, आपण कोण आहोत ते शोधतो. ही मोकळीक कोणाला किती मिळावी हे जमीन, जात आणि पगार ठरवतात. सुखवस्तू घरातल्या मुलीला ती दहा वर्षे मिळते. केळापूरच्या मुलीचे बालपण एका हंगामात संपते आणि दुसऱ्या हंगामात ती बाईमाणूस होते. जमिनीचे फेरवाटप व्हावे असे आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो. वाढण्याच्या वर्षांचे फेरवाटप व्हावे, असे आपण कधी म्हटले नाही.

म्हटले नाही हा आपला दोष आहे, आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. आपल्या भाषणांत तरुण मुले ‘युवाशक्ती’ म्हणून येतात, म्हणजे मोर्चाची संख्या म्हणून. सरकारच्या लेखी किशोरी म्हणजे आठवड्याची लोहाची गोळी आणि बालविवाहाचा धोका. समुपदेशनाच्या योजना आल्या त्याही मरणाच्या उंबरठ्यावरील बापाला डोळ्यांपुढे ठेवून. मागे राहिलेल्या मुलीचा शोक कोणाच्या खिजगणतीत नाही. तिला हसू येते, तिला राग येतो, तिला एखादा मुलगा आवडतो, ती आईवर चिडते, याची दखल ना सरकारने घेतली ना आपण. मग एक अमेरिकन मालिका येते आणि मुलीच्या रागाला कथेचा विषय करते, तर ही मुलगी ती दुसऱ्याच्या मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहते. यात चंगळवाद कोठे आहे? ती स्वतःला शोधते आहे. आपल्याकडे तिला शोधण्याजोगे काही नव्हते, म्हणून ती तिकडे गेली.

वस्तुतः आपल्या भाषेला हे अशक्य नव्हते. शाळकरी वयातल्या मुलाच्या स्वप्नाला जात कशी आडवी येते हे नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’त २०१३ मध्येच दाखविले, तेथे जात झाकलेली नव्हती. सेवादलाच्या कलापथकाने एके काळी गावोगाव फिरून निळू फुले आणि दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत घडविले. आणि याच यवतमाळात जानेवारी २०१९ मध्ये साहित्य संमेलनाच्या उद्‌घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी धमक्यांपुढे मागे घेतले, तेव्हा त्या जागी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नी वैशाली येडे उभ्या राहिल्या. निमंत्रण मागे घेणे ही लाजिरवाणी गोष्ट होती. परंतु व्यासपीठावरून त्या बाई ज्या धीटपणाने बोलल्या त्याने हे सिद्ध झाले की येथल्या दुःखाला वकील नको आहे, जागा हवी आहे. ‘तेरवं’ या नाटकात तर अशा स्त्रियाच रंगमंचावर आल्या. आईला जागा मिळाली. आता मुलीची पाळी आहे.

म्हणून आमचे म्हणणे दोन्ही बाजूंना आहे. शहरी मैत्रिणीला सांगायचे ते असे: प्रतिनिधित्वाची मागणी जरूर करा, पण ती शेर्मन ओक्सला थांबवू नका. तेथे एका वर्गाने आपल्या मुलीला कथा मिळवून दिली. तिला ‘आपली’ कथा म्हणणे ही त्या वर्गाने आपल्याला दिलेली भूल आहे. ज्येष्ठ साथींना सांगायचे ते असे: करमणुकीकडे तुच्छतेने पाहून आपण ती बाजाराच्या हवाली केली आहे. भाकरीच्या लढ्यात हसण्याची आणि रुसण्याची मागणी बसत नाही, असे ज्याला वाटते त्याने समाजवाद अर्धाच वाचला आहे.

आणि मागण्या अमूर्त नाहीत. आयातशुल्काचा खेळ शेतकऱ्याच्या हंगामात खेळता कामा नये आणि हमीभावाची खरेदी वेचणीबरोबर सुरू झाली पाहिजे. कारण मुलगी वर्गात राहील की तासात उभी राहील हे तेथेच ठरते. पात्र-अपात्रतेची चाळणी मोडली पाहिजे. भूमिहीन मजुराच्या मुलीचा बापही बापच असतो. एस.टी.चा पास मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत आहे, परंतु ज्या पोडावर बसच जात नाही तेथे फुकट पास हे शोभेचे कागद आहेत. कमी पटाच्या शाळा मोडून ‘समूहशाळा’ करण्याचा जो विचार सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला, त्याला प्रत्येक तालुक्यात विरोध झाला पाहिजे. शाळा चार मैल दूर गेली की प्रथम मुलगी गळते. वसतिगृहांत केवळ पहारेकरीण नको, ऐकून घेणारी शिकलेली बाई हवी. देवीला जे खाजगी पैशाने मिळाले ते केळापूरच्या मुलीला सार्वजनिक पैशाने मिळाले पाहिजे. समाजवादाचा अर्थ तरी दुसरा काय आहे?

आणखी एक मागणी आपली आपल्याकडेच आहे. पुढच्या अभ्यासवर्गात सहकाराच्या इतिहासाचे एक सत्र कमी केले तरी चालेल. त्या वेळात या मुलींना बोलू द्यावे, लिहू द्यावे, नाटक बसवू द्यावे, आणि मध्ये कोणी ज्येष्ठाने मार्गदर्शन करू नये. तिकडच्या त्या खेळाप्रमाणे त्यांनीही आपापले ‘मी कधीच’ सांगावे. मी कधीच बापासाठी मोठ्याने रडले नाही. मी कधीच आईला नाही म्हटले नाही. मी कधीच एकटी खोलीत बसले नाही. ही यादी ऐकल्यानंतर आपला जाहीरनामा नव्याने लिहावा लागेल अशी आमची खात्री आहे.

त्या रात्री विषय बदलल्यावर ती मुलगी उठून ताटे विसळायला गेली होती. तिच्याबरोबर विसळायला आमच्यापैकी कोणी उठले नाही, हेही येथे नोंदवून ठेवतो.